ठरावावर सही करण्यापूर्वी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी ६३ वर्षांचा असून बँकेतून निवृत्त झालो आहे आणि ठाण्यात राहतो. बांगलादेशातून होणाऱ्या घुसखोरीला माझा ठाम विरोध आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. आमच्या सोसायटीच्या समितीपुढे असा ठराव आला आहे की, बंगाली बोलणाऱ्या कोणालाही घरकामाला, रंगकामाला किंवा दुरुस्तीला यापुढे फाटकाच्या आत घेऊ नये. समितीचा सदस्य म्हणून त्यावर माझी सही हवी आहे. आमच्याकडे चार वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाई पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातल्या आहेत. त्यांना फाटकावर अडवले, तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार, मतदार ओळखपत्र आणि मुलाचा शाळेचा दाखला काढून दाखवला. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "असले कागद दोनशे रुपयांत मिळतात." मी शेजारीच उभा होतो, पण काही बोललो नाही. बाई तीन दिवस तशाच परत गेल्या. माझी मुलगी जेवताना म्हणाली, "बाबा, हे देशप्रेम नाही, हा मुसलमानांचा राग आहे." तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. ती अमेरिकेतल्या आतेभावाचा दाखला देते. त्याच्या व्हिसाची मुदत संपून दोन वर्षे झाली हे खरे, पण तो काही घुसखोर नाही. नोकरी करतो, कर भरतो. माझे चुकते आहे कुठे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण प्रश्न विचारलात एक, पण पत्रात गोष्टी आल्या आहेत तीन: आपले मत, सोसायटीचा ठराव आणि फाटकावरचा तो प्रसंग. आपल्या मुलीने या तिन्हींना मिळून एकच नाव दिले आणि आपणही तिघांचा मिळून एकच बचाव करत आहात. मला वाटते, अबोल्याचे मूळ तिथेच आहे.

आधी मताविषयी. आपल्या देशात कोणी यावे, किती काळ राहावे आणि कोणत्या अटींवर राहावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या देशाच्या नागरिकांना असावा, असे मानणारा माणूस तेवढ्याने द्वेष्टा ठरत नाही. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे. ती नद्या, चर आणि भातखाचरे यांमधून जाते, आणि तिच्यावरून माणसे पार करून देणाऱ्या दलालांचा धंदा दोन्ही बाजूंना चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर निकाल देताना आसामसाठीचा १९८३ चा विशेष कायदा रद्द केला. त्या कायद्यामुळे घुसखोर शोधणे सोपे होण्याऐवजी जवळजवळ अशक्य झाले होते, असे न्यायालयाचे मत पडले. त्यामुळे ही चिंता कोणा चिडलेल्या माणसाच्या डोक्यातून निघालेली नाही, हे आपण मुलीला निःसंकोचपणे सांगावे.

परंतु याच आसामची गोष्ट पुढे वाचली पाहिजे. १९७९ मध्ये मंगलदै मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीच्या यादीत परकीयांची नावे आढळल्यावरून आंदोलन उभे राहिले. सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९८५ रोजी, करार झाला आणि २४ मार्च १९७१ ही तारीख ठरली. त्यानंतर आलेला तो परकीय, मग त्याचा धर्म कोणताही असो. आपली भाषा आणि आपली जमीन आपल्याच राज्यात अल्पसंख्य होईल, ही असमिया माणसाची भीती खरी होती. तिच्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांचे मला आजही नवल वाटते, कारण मराठी माणसाला तरी ती भीती समजावून सांगावी लागू नये. मात्र त्याच आंदोलनाच्या काळात, १८ फेब्रुवारी १९८३ रोजी, नेल्ली आणि आसपासच्या गावांत काही तासांत सरकारी आकड्यांनुसारच १,८०० हून अधिक माणसे, बहुतेक बंगाली मुसलमान, मारली गेली. त्यांत बायका आणि मुले फार होती. कुऱ्हाड घेऊन आलेल्यांनी कोणालाही १९७१ पूर्वीचा कागद मागितला नव्हता. आंदोलनाची मागणी कागदाची होती आणि कत्तल चेहऱ्यावरून झाली. एकाच चळवळीच्या पोटात दोन्ही गोष्टी नांदू शकतात, म्हणून "माझा विरोध देशप्रेमाचा आहे" एवढे म्हणून कोणालाही मोकळे होता येत नाही.

आता आपल्या भाच्याकडे येतो. आपल्या पत्रातले ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण साऱ्या पत्रात ते एकच वाक्य आपण विचार न करता लिहिले आहे असे मला वाटले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात बेकायदा स्थलांतरिताची व्याख्या आहे. वैध पारपत्र किंवा प्रवासाचे कागद नसताना आलेला परकीय तर तिच्यात येतोच. पण वैध कागदांवर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेला परकीयही तितकाच येतो. दोघांमध्ये ही व्याख्या फरक करत नाही. म्हणजे न्यू जर्सीत किंवा जिथे कुठे आपला भाचा आज आहे, तिथे भारताचाच कायदा लागू असता, तर तो आणि रात्री सीमेवरची इच्छामती नदी ओलांडून आलेला बांगलादेशातल्या खुलन्याचा मजूर एकाच कलमात बसले असते. आपल्याला एक 'व्हिसा संपलेला' वाटतो आणि दुसरा 'घुसखोर', याचे कारण एवढेच की पहिल्याला आपण बारशापासून ओळखतो. त्याची नोकरी, त्याचे कर्ज, त्याची आई आपल्याला माहीत आहे. दुसऱ्याचे आपल्याला काहीच माहीत नाही. जवळच्या माणसाबद्दल माया वाटण्यात दोष नाही. परंतु ओळखीच्या माणसाच्या गुन्ह्याला आपण परिस्थिती म्हणतो आणि अनोळखी माणसाच्या परिस्थितीला गुन्हा म्हणतो, इथून पूर्वग्रहाची सुरुवात होते. तो आपल्यात आहे, माझ्यातही आहे. प्रश्न एवढाच की त्याला सही करण्याचा अधिकार द्यायचा का.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते. हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या घातलेल्या त्या माणसांची दृश्ये पाहून आपल्यापैकी अनेकांना संताप आला. त्या संतापात कोणी असे म्हणत नव्हते की अमेरिकेला त्यांना परत पाठवण्याचा हक्कच नाही. भारत सरकारनेही तसे म्हटले नाही. आपले म्हणणे इतकेच होते की, माणूस भारतीयच आहे याची नीट पडताळणी व्हावी आणि त्याला गुरासारखे आणू नये. एवढी एकच मागणी आपल्या सोसायटीच्या फाटकावर आणून ठेवली, तर त्या ठरावाचे काय होते ते पाहा.

ठराव नागरिकत्व तपासत नाही. तो कानाने भाषा तपासतो. बंगाली ही पश्चिम बंगाल आणि त्रिपुरा या भारतीय राज्यांची भाषा आहे आणि आसामच्या बराक खोऱ्याचीही आहे. "पण बांगलादेशी बंगाली वेगळी कळते," असे आपले सेक्रेटरी कदाचित सांगतील, कारण 'पानी' म्हणणारा तिकडचा आणि 'जल' म्हणणारा इकडचा, असा एक समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात मालदा-मुर्शिदाबादकडचे बंगाली मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला पानीच म्हणतात. तो शब्द धर्माचा फरक सांगतो, देशाचा सांगत नाही. आपण मूळचे कोकणातले असाल, तर हे पटकन ध्यानात येईल. सीमेअलीकडच्या बांद्याचा माणूस आणि पलीकडच्या पत्रादेवीचा माणूस बोलू लागले, तर कोण महाराष्ट्रातला आणि कोण गोव्यातला, हे त्यांच्या बोलीवरून सांगून दाखवावे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्या दोघांच्या मध्ये चक्क दोन देशांची सीमा होती. सोयरीक मात्र त्या सीमेला कधी जुमानत नव्हती.

केवळ भाषेवरून माणसे उचलली की काय होते, हे आपल्याच राज्याने दोनदा पाहिले आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबईतून बांगलादेशी म्हणून पकडलेल्यांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेले जात असताना उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवली आणि त्यांना सोडवले, कारण त्यांत पश्चिम बंगालमधले जरीकाम करणारे मजूर आहेत असे तिथल्या लोकांचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये तर मिरा रोड परिसरात काम करणारा मुर्शिदाबादचा एक गवंडी पोलिसांनी ताब्यात घेतला आणि घरचे लोक कागद पाठवत असतानाच तो सीमेपलीकडे ढकलला गेला. पश्चिम बंगालच्या सरकारने त्याचे नागरिकत्व दाखवून दिल्यावर सीमा सुरक्षा दलाला तो आणि त्याच्यासारखे आणखी काही जण परत आणावे लागले. दिल्लीहून त्याच महिन्यात बीरभूम जिल्ह्यातली एक गरोदर स्त्री अशीच पाठवली गेली. ती तिकडच्या तुरुंगात राहिली आणि न्यायालयांनी हस्तक्षेप केल्यावर डिसेंबरमध्ये परत आली. आपल्या देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशाच्या हद्दीत नेऊन सोडणे याला देशप्रेम म्हणायला माझी जीभ वळत नाही. घुसखोरीला खरोखर विरोध असलेल्या माणसाला तर या प्रकाराचा सर्वांत जास्त राग यायला हवा, कारण अशा प्रत्येक चुकीनंतर खऱ्या कारवाईवरचा विश्वास उडतो.

कागदांच्या बाबतीत आपले सेक्रेटरी अर्धे बरोबर आहेत, हेही कबूल केले पाहिजे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तो वास्तव्याशी निगडित आहे आणि तसे त्या कायद्यातच लिहिले आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्याच एका प्रकरणात जामीन नाकारताना आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असले म्हणून कोणी नागरिक होत नाही, असे म्हटले. बनावट दाखले मिळतात हे खरे आहे. परंतु मग खरा पुरावा कोणता, असे आपण सेक्रेटरींनाच विचारून पाहावे आणि तो त्यांचा स्वतःचा मागावा. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. त्यानंतर जन्मलेल्याला आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असल्याचे दाखवावे लागते आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली आहे. म्हणजे आपल्या वयाच्या माणसाने जन्मदाखला दाखवावा. आहे आपल्याकडे? माझ्याकडे नाही. माझा जन्म आजोळी झाला, सुईणीने केला, आणि पहिलीत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकली. आमच्या वर्गातल्या एकोणीस जणांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. मला कोणी फाटकावर अडवत नाही, याचे कारण माझे कागद चोख आहेत हे नसून माझे आडनाव ओळखीचे आहे हे आहे. बाईंनी पिशवीतून काढलेले कागद आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटातल्या कागदांपेक्षा कमी नव्हते.

त्यात कायद्याने पुराव्याचा भार संशयितावरच टाकला आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात ती तरतूद होती आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती कायम आहे: आपण परकीय नाही, हे ज्याच्यावर बोट ठेवले त्यानेच सिद्ध करायचे. म्हणूनच बोट ठेवणाऱ्याची जबाबदारी मोठी ठरते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधील एका प्रकरणात स्पष्ट केले की, हाताशी काही ठोस माहिती नसताना कोणाचेही दार ठोठावून "नागरिकत्व सिद्ध कर" असे सांगता येत नाही, आणि नावाच्या लिहिण्यातल्या किंवा तारखांतल्या किरकोळ फरकांवरून माणूस परकीय ठरत नाही. तो माणूस भारतीय असल्याचा निर्णय झाला, तोवर त्याचे निधन होऊन अडीच वर्षे झाली होती. न्यायाधीशांना जी पायरी ओलांडता येत नाही, ती सोसायटीच्या समितीने एका ठरावाने ओलांडू नये, असे मी म्हटले तर ते फार होणार नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या ठरावात शोधूनही सापडली नाही. त्यात बाई आहेत, रंगारी आहेत, गवंडी आहेत. पण त्यांना आणणारा मुकादम नाही, कमी मजुरीत काम उरकणारा ठेकेदार नाही, कागद न बघता दहा बाय दहाची खोली भाड्याने देणारा घरमालक नाही, आणि दोनशे रुपयांत आधार काढून देणारा तो दलालही नाही, ज्याची माहिती सेक्रेटरींना इतकी नेमकी आहे. ती माहिती त्यांनी पोलीस ठाण्यात दिली का, हे विचारण्यासारखे आहे. बेकायदा मजूर टिकतो तो स्वस्त पडतो म्हणून, आणि तक्रार करू शकत नाही म्हणून स्वस्त पडतो. घुसखोरीविरुद्ध तावातावाने बोलणाऱ्या आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी बंगल्याचे प्लास्टर निम्म्या दरात करून घेतले, तेव्हा गवंडी कुठले, हे त्यांनी विचारले नव्हते.

आता मुलीच्या वाक्याकडे येतो, कारण आपल्याला टोचले आहे ते तेच. "हा मुसलमानांचा राग आहे," असे ती म्हणाली. त्याचे उत्तर मी देऊ शकत नाही. आपण स्वतःला एक प्रश्न विचारून ते मिळवावे लागेल. उद्या असे निघाले की या बाई खरोखर खुलन्याहून कागदांशिवाय आल्या आहेत, पण त्या हिंदू आहेत, तर आपला विरोध तेवढाच राहील का? नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अशा हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती माणसाला, तो ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून आला असल्यास, बेकायदा स्थलांतरित मानू नये असे ठरवले आहे. तिकडे त्यांचा छळ होतो, हा त्यामागचा युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. आपण तो मानत असाल, तर जरूर माना. पण मग "मला फक्त कायदा मोडल्याचा राग आहे" हे वाक्य आपल्याला सोडावे लागेल, कारण कायदा दोघांनीही सारखाच मोडलेला असतो. आसामात डिसेंबर २०१९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले ते नेमके यासाठी की त्यांना १९७१ नंतर आलेला हिंदूही नको होता आणि मुसलमानही नको होता. ती भूमिका कठोर आहे, मला पुरती पटतही नाही, परंतु तिच्यावर मुलीचा आरोप सहजी चिकटत नाही. आपली भूमिका तशी आहे का, हे मला पत्रावरून कळले नाही. कदाचित आपल्यालाही अजून कळले नसेल.

मुलीचेही थोडे चुकले आहे. बापाच्या सगळ्या मताला एका शब्दात निकालात काढल्यावर बाप त्यातला चुकीचा भाग सोडून देत नाही; तो उलट सगळेच घट्ट धरून बसतो. आपण फाटकावर गप्प उभे राहिलात आणि ते आपण स्वतःहून मला लिहिलेत, ही गोष्ट तिला माहीत असती, तर तिने तो शब्द वापरला नसता असे मला वाटते. तिच्याशी बोलायला सुरुवात करताना घुसखोरीचा विषय काढू नका. त्या दिवशी आपण काही बोललो नाही, एवढेच सांगा.

ठरावावर सही करू नये. पण केवळ नकार देऊन बाजूला बसला, तर तो बहुमताने संमत होईल, म्हणून पर्यायी मसुदा घेऊन जा. सोसायटीत कामाला येणाऱ्या प्रत्येकाची, मग तो बंगाली असो, बिहारी असो की साताऱ्याचा, पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी. फॉर्म भरण्याचे काम ज्याच्या घरी माणूस कामाला आहे त्याने करावे, त्यासाठी कामगाराच्या मजुरीतून एक रुपयाही कापू नये, आणि पडताळणीचे उत्तर येईपर्यंत काम चालू राहावे. ठेकेदाराने मजुरांची यादी आणि मजुरीचा दर लेखी दिल्याशिवाय त्याला काम देऊ नये. कोणावर खरोखर संशय असेल, तर तो कशावरून आला हे लिहून, त्याखाली स्वतःचे नाव घालून पोलिसांना कळवावे. ही शेवटची अट मसुद्यात अवश्य ठेवा. नाव घालायचे म्हटले की निम्मे संशय आपोआप विरतात, असा माझा अनुभव आहे. या मसुद्यावर सेक्रेटरींनी हरकत घेतली, तर त्यांना नेमके कोणते कलम नको आहे ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

बाईंचा फॉर्म आपण स्वतः त्यांच्यासोबत बसून भरा. गावाचे नाव, पोस्ट आणि ठाणे त्या बंगाली उच्चाराने सांगतील. ते मतदार ओळखपत्रावर जसे छापले आहे तसेच लिहा, कारण पुढे एखाद्या अक्षराच्या फरकावरून त्यांनाच प्रश्न विचारले जातील. आणि त्या तीन दिवसांचे पैसे महिन्याच्या हिशेबात कापले गेले असतील, तर ते फॉर्म भरायला बसण्याआधी त्यांच्या हातात द्या.